भांगातला रस्ता

आमच्या गल्लीत कोणाचे केस जन्मजात काळे आहेत आणि कोणाचे डायवहिनीच्या कृपेने, हे एकाच माणसाला पक्कं ठाऊक आहे, आणि ती बाई ताकास तूर लागू देत नाही. मी समोरच राहतो. तिच्या दारातून कोण डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर पडतं ते मला माझ्या गॅलरीतून दिसतं; पण टॉवेलाखाली काय झालंय ते टॉवेल सांगत नाही. दूधवाल्याबद्दल माझा दाट संशय आहे. साठी उलटलेल्या माणसाच्या कल्ल्यांना इतका काळा रंग देव देत नाही. एकदा मी वहिनीला सरळच विचारलं. ती माझ्या मिशीला ब्रश लावत होती. म्हणाली, "काका, तोंड हलवू नका, ओठ काळा होईल."

हो, माझ्या मिशीला. आता या वयात ते लपवून काय मिळवायचंय.

घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. मागे कलणारी एक खुर्ची, तिच्या हातांवरचं रेक्झिन फाटून चिकटपट्टीने जोडलेलं. समोर भिंतभर आरसा. कोपऱ्यात पडद्याआड मान टेकायची खाच असलेलं बेसिन. आणि खिडकीशी एक वेताची खुर्ची, तिच्यावर मात्र गिऱ्हाइकाने बसायचं नाही. ती आईंची, म्हणजे वहिनीच्या सासूची. आईंनी ऐंशी केव्हाच ओलांडली. गुडघे गेले, पण मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना नको ते सगळं दिसायला लागलं. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्याकडे बघून त्या शेरा मारणार, आणि वहिनी पाठमोरी हसणार, हा त्या खोलीचा रोजचा कार्यक्रम.

वहिनीचे नियम कडक. नवं माणूस आलं की कानामागे डायचा एक ठिपका लावायचा आणि दोन दिवसांनी बोलवायचं. खाज नाही, पुरळ नाही, तर मग बसा खुर्चीत. उद्या बोहल्यावर चढणाऱ्या एका नवरदेवालाही तिने असंच परत पाठवलं होतं. तो करड्या कल्ल्यांनीच लग्नाला उभा राहिला, आणि फोटोत अजून तसाच आहे. दुसरा नियम असा की एकदा डाय लावला की अर्धा तास उठायचं नाही. खरी गंमत या अर्ध्या तासात असते. डोक्याला काळा चिखल, गळ्यात प्लास्टिकचं कापड, अशा अवस्थेत माणूस कुठे पळू शकत नाही आणि कोणावर रुबाबही करू शकत नाही. मग तो बोलायला लागतो. घरात ज्याला कंठ फुटत नाही तो तिथे मन मोकळं करतो. वहिनी ऐकते, घड्याळाकडे बघते, वेळ झाली की डोकं धुते. डाय आणि बोलणं एकाच मोरीतून वाहून जातं. माझ्यासारख्याच्या हाती काही लागत नाही.

आता तिच्या नणंदेबद्दल. आक्का पोस्टात पार्सलच्या खिडकीवर होती. लग्न केलं नाही, दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत एकटी राहायची, आणि जिभेला अशी धार की पार्सल बांधायची सुतळी कापायला तिला कात्री लागू नये. शिक्के मारताना ती मान खाली घालायची, त्यामुळे खिडकीबाहेर उभ्या माणसाला तिचा चेहरा दिसायचा नाही, भांग दिसायचा. अख्ख्या गावाला आक्काचा भांग तोंडपाठ होता. पंधरवडा उलटत आला की त्यात पांढरी रेघ उमटायची, मग एका रविवारी ती भावजयीच्या खुर्चीत जाऊन बसायची, आणि सोमवारी रेघ गायब.

या रेघेला आई रस्ता म्हणायच्या. आक्का दारातून आत आली की आईंचं पहिलं वाक्य ठरलेलं. "आक्का, रस्ता दिसायला लागला बरं का. आता गाडी जाईल त्यावरून."

"जाऊ दे की. टोल तू घे," आक्का म्हणायची आणि आईच्या पुढ्यात डोकं वाकवायची. आई एका बोटाने तो रस्ता कपाळापासून टाळूपर्यंत चाचपायच्या. काय ते सारखं काळं करतेस, पिकू दे आता, असं म्हणायच्या. आक्का म्हणायची, पिकलं की तू आणि मी बहिणी दिसू, मग तुलाच राग येईल. तिकडे वहिनी वाटीत डाय कालवत, नणंदेला किती वेळा सांगितलं गरम पाण्याने केस धुऊ नका, ऐकतील तर शपथ, असं पुटपुटत असायची. नणंद-भावजयींचं हे भांडण तीस वर्षं चाललं होतं आणि दोघींनाही ते मिटवायची घाई नव्हती.

मग एका वर्षी आक्काच्या छातीत गाठ निघाली.

तिने हे दोघांनाच सांगितलं, भावाला आणि भावजयीला, आणि सांगतानाच अट घातली की आईला कळता कामा नये. याला कारण होतं. आईंचा थोरला मुलगा, आक्काच्या पाठचा, याच आजाराने गेला होता. तेव्हाही आईंना शेवटपर्यंत कोणी काही सांगितलं नव्हतं; पोटाचं दुखणं आहे, हवापालट होतोय, असं सांगत राहिले. तो गेल्यावर आई वर्षभर बोलल्या नाहीत. रडल्याही नाहीत. ताट पुढे ठेवलं तर जेवायच्या, उचललं तर तशाच बसून राहायच्या. सगळे धरून चालले होते की या आता उठायच्या नाहीत. "एकदा पुरे झालं तिला," आक्का म्हणाली. "मी बरी होईन आणि तिला पत्ताही लागणार नाही."

हे सगळं मला वहिनीने पुढे सांगितलं, सगळं होऊन गेल्यावर. दुसऱ्यांची गुपितं तिने आजवर सांगितली नाहीत. हे तिचं स्वतःचं होतं.

केमो सुरू व्हायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की केस जाणार. डाय तर लगेच बंद. औषधाने डोक्याची कातडी पिकल्या फळासारखी होते, तिला रंग सोसायचा नाही, आणि उपचार संपल्यावरही सहा महिने नावच काढायचं नाही. वहिनीने हे सगळं नीट विचारून घेतलं, अगदी साबण कोणता इथपर्यंत. मग एका दुपारी दुकानाला कडी लावून तिने आक्काचे केस आधी मानेपर्यंत कापले, म्हणजे गळतील तेव्हा वजन कमी जाणवेल. गळायला लागले तेव्हा मशीन फिरवलं. वस्तऱ्याला हात लावला नाही, कारण वस्तरा लागला तर जखम चिघळते. त्यानंतर ती रोज संध्याकाळी आक्काच्या खोलीवर जायची. कोमट पाणी, तान्ह्या मुलांचा साबण, पुसायला धुऊन धुऊन मऊ झालेला परकराचा तुकडा. घासायचं नाही, नुसतं टिपायचं. झोपताना दोन थेंब खोबरेल. उशीला घसरता अभ्रा. तीस वर्षं ज्या डोक्याशी ती भांडली होती त्याच्याशी आता ती इतक्या हळू वागायची की आक्काच वैतागायची. म्हणायची, अगं, माझं डोकं आहे, लोण्याचा गोळा नव्हे.

भुवयाही गेल्या. त्या पेन्सिलने काढायच्या आक्का स्वतःच शिकली. पहिल्या दिवशी डावी भुवई जरा वर गेली, आणि त्या दिवशी पोस्टात आलेल्या प्रत्येकाला वाटलं की ही आपल्या पार्सलात काहीतरी भलतंसलतं आहे असं धरून चालली आहे. दोघेजण तर न विचारता पार्सल उघडून दाखवायला निघाले.

आणि विग. हे वहिनीचं खरं काम. तिने तो आणवला, मापाने कापला, कानांशी आक्काच्या केसांना उन्हाने यायची तशी तांबूस झाक दिली, आत मऊ कापडाची टोपी शिवली, भांग तिच्या सवयीप्रमाणे किंचित डावीकडे पाडला. बसवल्यावर आक्काने आरशात एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पाहिलं. मग म्हणाली, "वहिनीबाई, हे तर माझ्यापेक्षा बरं दिसतंय." विगाचं नाव तिने मांजर ठेवलं. घरी आली की मांजर काढून उपड्या पातेल्यावर ठेवायची आणि त्याला म्हणायची, बस गप.

केमोच्या आठवड्यात ती आईंना फोनवर सांगायची की ऑफिसात तपासणी चालू आहे, यायला जमत नाही. मधल्या दिवसांत पोस्टात जायची. रविवारी येऊन आईंसमोर बसायची, आणि सर्दी झालीय, डाय पुढच्या वेळी, असं काहीतरी सांगायची. भाऊ बिचारा लेथवर काम करणारा. त्याच्या मनातलं सगळं त्याच्या तोंडावर छापून येतं. म्हणून रविवारी त्याला काही ना काही आणायला बाहेर पिटाळलं जायचं. त्या काळात त्या घरात खिळे इतके साठले होते की नवं घर उभं राहिलं असतं.

सगळं जमलं होतं. एक सोडून.

तीन आठवडे झाले, महिना झाला, आणि आक्काच्या भांगात रेघ उमटेना. ज्या बाईचं उभं आयुष्य पांढरं दिसू नये यातच गेलं ती विगात पांढरं कशाला ठेवील? वहिनीच्या डोक्यात ते आलंच नाही. पण गावाच्या आलं. पोस्टाच्या रांगेत कुजबुज सुरू झाली की वहिनीकडे बाहेरदेशीचा कसलातरी डाय आलाय, एकदा लावला की पांढरं उगवतच नाही, आणि तो ती फक्त नणंदेला लावते. झालं. बायका दुकानात येऊन रुसायला लागल्या. आम्ही काय परक्या का, आम्हालाही तोच लावा, जास्त घ्या हवं तर. दूधवाला माप घालताना सहज विचारल्यासारखं विचारून गेला, तेव्हा माझा संशय फिटला. मीही विचारलं. वहिनी मला म्हणाली, काका, तुमच्या मिशीला तो झेपायचा नाही.

हे सगळं वेताच्या खुर्चीत बसून आई ऐकत होत्या. पुढच्या रविवारी आक्का आत आली तर त्या रस्त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "इकडे ये बघू, वाक."

आक्का जागची हलली नाही. वहिनीने मध्येच, त्यांना उशीर होतोय, गॅसवर दूध आहे, असलं काहीबाही बोलून वेळ मारून नेली. पण त्या दिवशी आक्का गेल्यावर आई खिडकीतून ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिल्या, आणि ते वहिनीने आरशातून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने मुलांच्या चित्रकलेचा पांढरा रंग आणला आणि सगळ्यात बारीक ब्रश घेतला. आक्काच्या खोलीत, उपड्या पातेल्यावर मांजर ठेवून, ती त्याला म्हातारं करायला बसली. पहिल्यांदा रेघ इतकी सरळ आली की आक्का म्हणाली, ही भांगातली रेघ नव्हे, क्रिकेटच्या मैदानावर आखतात ती. पुसली. मग वहिनी दुकानात येणाऱ्या प्रत्येक डोक्याकडे नव्याने बघायला लागली. आजवर पांढरं दिसलं की झाकायचं एवढंच तिला माहीत होतं. ते उगवतं कसं हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. कपाळाशी दाट, मध्ये विरळ, कानशिलांकडे ठिपक्याठिपक्याने. हळूहळू हात बसला. दर दोनतीन दिवसांनी ती रेघ केसभर रुंद करायची. आणि एका रविवारी आक्का आत आली तशी आई म्हणाल्या, "आला गं बाई रस्ता. मला वाटलं बुजवला कोणी."

आक्काने डोकं वाकवलं. वहिनी सांगते, ती रिकामी वाटीच ढवळत राहिली. आईंचं बोट रेघेवरून फिरलं. चित्रकलेचा रंग वाळलेला होता. काही कळलं नाही.

पण आता रस्ता आला म्हणजे तो बुजवायलाही हवा, आणि तोही आईंच्या डोळ्यांसमोर. वहिनीने कोरफडीच्या गरात कॉफीची पूड कालवून काळपट लगदा केला. तो लावायचा, पडद्याआड बेसिनवर धुवायचा, पांढरा रंग आपोआप निघून जायचा. आईंना बेसिनपर्यंत उठवत नव्हतं. प्रश्न राहिला वासाचा. खऱ्या डायचा वास नाकात जातो, आणि आईंचं नाक डोळ्यांच्या वरताण. त्या दिवसांत आक्काला कुठलाच वास सोसत नसे. शेजारच्या घरात फोडणी पडली तरी ती ओकायची. वहिनी म्हणाली, सांगू की बिनवासाचा आणलाय. आक्का म्हणाली, मग ती डबी बघायला मागेल. तू खरा कालव आणि वाटीत ठेव माझ्यामागे.

म्हणून दर दुसऱ्या रविवारी खोट्या केसांना खोटा डाय लागायचा आणि खरा डाय मागे वाटीत नुसता वास द्यायला बसायचा. तोंडात लवंग धरून, खुर्चीच्या हातावरची चिकटपट्टी नखांनी खरवडत, आक्का तो अर्धा तास काढायची. आईशी गप्पाही मारायची. पार्सलांच्या गमती सांगायची. कोणी मुलीला चादर पाठवली आणि आत मांजराचं पिल्लू झोपलेलं निघालं, असल्या. त्यातल्या बऱ्याच तिने तिथल्या तिथे रचलेल्या असाव्यात. आई हसायच्या. अर्धा तास झाला की आक्का पडद्याआड जायची, आणि वहिनी मोरीचा नळ मोठा सोडायची, म्हणजे ओकारीचा आवाज बाहेर जायचा नाही.

असे किती रविवार गेले ते मी मोजले नाहीत. मला गॅलरीतून फक्त एवढं दिसायचं की आक्का त्यांच्या दारच्या पायऱ्या चढताना पूर्वी कठड्याला हात लावत नसे, आता लावते.

मग एक दिवस केमो थांबली. डॉक्टरीणबाईंनी आक्काला सांगितलं की शरीराला जरा विश्रांती देऊ. आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, एका संध्याकाळी कोमट पाणी ओतताना, वहिनीच्या हाताला काहीतरी लागलं. पिल्लाच्या अंगावर असते तशी लव. पार पांढरी. तिने आक्काचा हात धरून डोक्यावर ठेवला.

आक्काला इतकी खूश तिने तीस वर्षांत पाहिली नव्हती. सारखा हात डोक्याकडे. भावाला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, छान आहे, आणि लगेच खिळे आणायला निघून गेला. वहिनीच्या मागे तिने एकच धोशा लावला, पहिला रंग कधी. खरे केस, खरा डाय, मांजर माळ्यावर, आणि मी माझ्या खिडकीवर. वहिनी म्हणायची, सहा महिने थांबायला सांगितलंय, तर सहा महिने. तुम्ही पोस्टात राज्य करा, माझ्या दुकानात नाही.

दवाखान्यात जायचा दिवस आला. आक्काला रक्त काढायला आत नेलं तेवढ्यात वहिनीने डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं. खरं तर नाही असं उत्तर ऐकायलाच ती विचारत होती, म्हणजे नणंदेच्या तोंडावर फेकता येईल. बाई समोरच्या कागदांकडे बघत म्हणाल्या, "लावा की. त्यांना आवडत असेल तर लावा."

"सहा महिने म्हणाला होतात ना?"

"आता तसं काही पथ्य नाही."

वहिनी माझ्याशी हे बोलली तेव्हा तिच्या हातात कंगवा होता आणि ती त्याचे दात एकेक करून पुसत होती. ती पुढे म्हणाली की काका, मी तिथे मूर्खासारखी विचारत सुटले. अमोनिया नसलेला लावू का. अर्धा तास ठेवू की कमी. आधी तेल लावू का. बाईंनी प्रत्येकाला हो म्हटलं. मला वाटत होतं, मी थांबले तर त्या दुसरं काहीतरी सांगतील.

केस का उगवले तेही तिला तेव्हाच कळलं. औषध थांबलं म्हणून. आणि औषध का थांबलं, ते न कळायला ती काही दुधखुळी नव्हती.

त्या संध्याकाळी आई आत पडलेल्या असताना तिने आक्काला दुकानात आणलं, खुर्चीत बसवलं आणि रुमाल सोडला. आक्काने आरशातून विचारलं, डॉक्टर काय म्हणाल्या. वहिनी म्हणाली, लावा म्हणाल्या. आणि कापूस डायमध्ये बुडवून तिने आक्काच्या कानामागे एक ठिपका ठेवला.

आक्काने आरशातून वहिनीचा चेहरा पाहिला. पोस्टातली बाई ती. वजनकाट्याचा काटा हलायच्या आधी तिला वजन कळायचं.

"सहा महिन्यांचे एकदम शून्य झाले," ती म्हणाली. मग म्हणाली, "कानामागचं कशाला गं आता? लावून टाक आजच."

"माझ्या खुर्चीत बसलात तर माझे नियम," वहिनी म्हणाली. "दोन दिवस थांबायचं. रविवारी या."

"आणि खाज आली तर?"

"आली तर तेव्हा बघू. तुम्ही रविवारी या."

आक्का हसली. म्हणाली, तुझ्यासारखी हट्टी भावजय शत्रूलाही मिळू नये. पण ती थांबली. दोन दिवस थांबायला सांगणारं कोणीतरी आहे, हे तिला बरं वाटलं असावं. असं मला वाटतं. वहिनीने तसं म्हटलं नाही.

रविवारी ती डोक्याला रुमाल बांधून आली. आई वेताच्या खुर्चीत होत्याच. आक्काने आईकडे तोंड करून रुमाल सोडला. आईंनी ते पांढरं, बोटभरही नसलेलं पाहिलं आणि त्यांची ठरलेली थट्टा त्यांच्या ओठांवर आलीच नाही. वहिनीने भराभर डाय लावला. डोकं ते केवढंसं, केस ते केवढेसे; पाच मिनिटांत संपलं. घड्याळात बघून ती सवयीने म्हणाली, आता अर्धा तास हलायचं नाही.

"वहिनी," आक्का म्हणाली, "मला आईशी बोलायचंय."

वहिनी वाटी आणि ब्रश उचलून पडद्याआड गेली आणि तिने नळ सोडला. तो ब्रश तिने अर्धा तास धुतला. बाहेर काय बोलणं झालं ते तिला ठाऊक नाही, किंवा ठाऊक असेल तर तिने सांगितलेलं नाही. आणि मी, ज्याने तिला दूधवाल्याच्या कल्ल्यांसाठी वर्षानुवर्षं छळलं, मीही विचारलेलं नाही.

वेळ भरायच्या आधीच आईंची हाक आली. "सूनबाई, धू आता. जास्त ठेवू नकोस, तिला झोंबेल."

वहिनी बाहेर आली तर आई वेताच्या खुर्चीत नव्हत्या. तसल्या गुडघ्यांनी त्या चार पावलं चालून आक्काच्या खुर्चीशी आल्या होत्या आणि आरशाच्या फळीला धरून उभ्या होत्या. आक्काच्या कपाळावर ओघळलेला डाय त्यांनी बोटाने पुसला होता. बोट काळं झालं होतं. वहिनी कापसाने ते काढायला गेली तर म्हणाल्या, असू दे.

त्या रात्री जेवताना आईंनी वहिनीला आणि मुलाला एवढंच सांगितलं. "थोरल्याच्या वेळेला तुम्ही सगळ्यांनी मला बाहेर बसवलं. तो आत, मी बाहेर. या वेळेला मी आत बसणार."

दुकान बंद झालं. कलणारी खुर्ची बाहेर व्हरांड्यात आली, तिच्या जागी खाट टाकली, आणि खाटेला लागून वेताची खुर्ची. आक्का तिथेच राहायला आली. मांजर माळ्यावर गेलं. गल्लीतल्या सगळ्यांना कळलं आणि बाहेरदेशीच्या डायचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. ज्या बायका रुसल्या होत्या त्या डबे घेऊन येऊ लागल्या. मी रोज संध्याकाळी जायचो आणि दारातून गावभरच्या बातम्या सांगायचो. आक्काला हसू आलं की माझी पाळी संपली असं समजायचं.

तीनचार आठवड्यांनी एका सकाळी मी दारात होतो. आई आक्काच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. काळ्या केसांच्या मुळाशी पुन्हा पांढरं आलं होतं. भांग पाडण्याइतके केस नव्हते, त्यामुळे रेघ नव्हती. सगळीकडूनच उगवलं होतं.

"आक्का," आई म्हणाल्या, "आता रस्ता नाही गं. सगळा माळ मोकळा झालाय."

"खरा आहे हा," आक्का म्हणाली. "रंगवलेला नाही." एवढं बोलायलाही तिला दोनदा थांबावं लागलं. वहिनी विचारत होती, लावू का पुन्हा थोडा. आक्काने मान हलवून नको म्हटलं.

ती त्याच आठवड्यात गेली. आईंचा हात तिच्या डोक्यावर होता.

दुकान बरेच दिवस उघडलं नाही. मीही मिशीकडे लक्ष दिलं नाही. समोरून आईंचा आवाज येतो का याकडे मात्र माझा कान असायचा, कारण मागचं ते मुकं वर्ष सगळ्यांना आठवत होतं. भाऊ कामावर जाताना मी त्याच्याकडे बघायचो आणि तो मान हलवायचा, नाही अजून.

मग एका सकाळी मी खाली दूध घ्यायला उतरलो. समोरच्या खिडकीत वेताची खुर्ची परत आलेली दिसली, आणि खिडकीतून आवाज आला, जरा खरखरीत, पण तोच.

"अहो, मिशीला रस्ता नाही, मैदान झालंय. या इकडे."

मी गेलो. कलणारी खुर्ची पुन्हा जागेवर होती, हातांवर नवी चिकटपट्टी. वहिनीने गळ्यात कापड बांधलं, डाय कालवला. आई खिडकीतून बघत होत्या. वहिनीचं सगळं नेहमीसारखंच चाललं होतं. फक्त ब्रश टेकवायच्या आधी तिने शेपटीचा कंगवा उचलला, आणि माझ्या मिशीत, जिथे भांग पाडायला काहीच नसतं तिथे, किंचित डावीकडे, आक्काच्या भांगासारखी, एक रेघ ओढली.